प्रयत्न करूनही

"बाई, 'ही' म्हणजे कुठली?"

मी फळ्याकडं तोंड करून उभी होते. ही रेषा या बाजूला समांतर काढली, म्हणून हा कोन आणि हा कोन सारखे, असं सांगत सांगत मी शेवटाला आले होते. तिन्ही कोन एका सरळ रेषेत नेऊन बसवायचे, त्यांची बेरीज एकशेऐंशी म्हणायची, की प्रमेय संपलं. घंटेला चार मिनिटं होती.

"कुठली म्हणजे? ही. फळ्यावरची."

वर्ग हसला. मागं वळल्यावर कळलं, विचारणारी वैजयंता होती.

वैजयंता वडतिले पहिल्या बाकावर भिंतीच्या कडेला बसायची. सात वर्षांची असताना गोवर निघाला, तो डोळ्यांत उतरला आणि दोन्ही डोळे गेले. दूरच्या एका अंधशाळेत ती सातवीपर्यंत शिकली. तिथं पुढचे वर्ग नव्हते, म्हणून घरी परत आली आणि आठवीपासून आमच्या शाळेत बसू लागली. ब्रेलचे ठिपके टोचायची पाटी मांडीवर घेऊन ती सगळ्या तासांना टकटक लिहायची. मराठीत, इतिहासात चांगली होती. गणिताच्या तासाला मात्र तिची टकटक थांबायची. मी तिला काही विचारायचे नाही, तीही काही विचारायची नाही. नववीचे पाच महिने असेच गेले होते.

"तू हे लिहून घेऊ नकोस," मी म्हणाले. "तुला भूमिती नाही."

"का नाही?"

"तुला सवलत आहे. गणिताच्या जागी अंकगणित."

"मी मागितली न्हाई."

"मागावी लागत नाही. मिळते."

घंटा झाली. मी फळा पुसला आणि बाहेर पडले.

ही एकोणीसशे सत्त्याण्णवची, जतमधली गोष्ट. मी छत्तीस वर्षांची होते आणि नोकरीला अकरा वर्षं झाली होती. हे गडहिंग्लजला बँकेत होते, पंधरा दिवसांतून एकदा यायचे. घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं डावं अंग दोन वर्षांपूर्वी गेलं होतं. पहाटे उठून त्यांचं सगळं करायचं, पाण्याचा टँकर यायचा असेल त्या दिवशी रांगेत उभं राहायचं, शेजारच्या काकूंना आत्याबाईंवर लक्ष ठेवायला सांगायचं आणि शाळा गाठायची. वर्गात बहात्तर मुलं. एकदा मुलं गणितं सोडवत होती, तेव्हा मी फळ्याला पाठ टेकून उभ्या उभ्या झोपले होते. खडू हातातून पडला तेव्हा जाग आली. मुलांनी कुणाला सांगितलं नाही, एवढे त्यांचे उपकार.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक बिरनाळे सरांनी मला बोलावलं.

"हसबे बाई, त्या वडतिलेचा सवलतीचा फॉर्म तेवढा भरून टाका. शनिवारी जिल्ह्याला पाठवायचाय. एकदा नोंद झाली की दहावीपर्यंत बघायला नको."

फॉर्म एका पानाचा होता. मुलीचं नाव, वय, अपंगत्वाचा दाखला, पालकाची सही. सगळ्यांत खाली विषयशिक्षकाचं प्रमाणपत्र छापलेलं होतं: 'सदर विद्यार्थिनीस भूमिती शिकविण्याचे सर्व प्रयत्न करूनही तिला तो विषय आत्मसात करता येत नाही, असे मी प्रमाणित करते.' त्याखाली सहीची रेघ.

मी ते वाचलं. पेन काढलं आणि सही केली. मुद्दाम खोटं लिहितेय असं मनातसुद्धा आलं नाही. छापील मजकूर होता, असले दहा कागद रोज पुढं यायचे.

तिचे वडील, सिदराम वडतिले, शाळा सुटायच्या वेळी सहीला आले. बुरूडकाम करायचे. टोपल्या, सुपं, कणगी. बोटांच्या पेरांना बारीक चिरा पडलेल्या, त्यात काळं बसलेलं. वाकडीतिकडी सही करून त्यांनी फॉर्म दोन्ही हातांनी परत दिला.

"बाई, तिला ह्ये जमत न्हाई व्हय?"

"नियम आहे, सिदरामभाऊ. तिच्या सोयीसाठीच आहे."

"न्हाई, तसं न्हाई. घरात माझ्या कामट्या घेऊन बसती. तुकडं बांधून काय काय करती. मला वाटलं, साळंचं आसंल."

"करू दे की," मी म्हणाले. माझं लक्ष घड्याळाकडं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत वैजयंता शिक्षकखोलीच्या दारात आली. खांद्याच्या पिशवीत बांबूच्या कामट्यांचं भेंडोळं होतं. बाकीचे शिक्षक चहाला गेले होते. मी डबा उघडून बसले होते. तिनं माझ्या टेबलाची कड हातानं शोधली आणि पिशवीतलं सगळं त्यावर ओतलं.

ते त्रिकोण होते. पंधरा-वीस तरी असतील. टोकं दोऱ्यानं घट्ट बांधलेली.

"ह्यो तिन्ही बाजू सारख्या. समभुज," ती एकेक चाचपत म्हणाली. "ह्याच्या दोन सारख्या, समद्विभुज. आणि ह्याच्या तिन्ही वेगळ्या, विषमभुज. बरोबर?"

"बरोबर. कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. आठवीत. नावं ऐकली होती, मग करून बघितले." तिनं दुसरा ढीग जवळ ओढला. "हे कोनांवरनं. तिन्ही टोकं काटकोनापेक्षा बारीक, तो लघुकोन. एक टोक चौकटीच्या कोपऱ्यासारखं, तो काटकोन. आणि एक टोक लई उघडं, तो विशालकोन. पण बाई, एक अडलं."

"काय?"

"दोन काटकोन असलेला त्रिकोण करायला गेले. होतच न्हाई. दोन कामट्या सरळ उभ्या राहतात आणि एकमेकीकडं येतच न्हाईत. बाबांकडनं लांब कामटी घेतली, हातभर, मग दोन हात. तरी न्हाई. आणि दोन विशालकोन घेतले तर टोकं आणखीच लांब पळतात. असं का?"

का, ते मला माहीत होतं. आदल्या दिवशी मी फळ्यावर सांगत होते तेच त्याचं कारण. दोन काटकोनांतच एकशेऐंशी संपतात, तिसऱ्या कोनाला काही उरत नाही. पाच मिनिटांत सांगून झालं असतं. पण पुढचा तास सातवी 'ब'चा होता, डब्यातली भाकरी अर्धी राहिली होती आणि डोकं दुखत होतं.

"ते पुढं कधी तरी सांगेन," मी म्हणाले.

ती कामट्या गोळा करू लागली. मग थांबली.

"बाई, तो फॉर्म गेला?"

"उद्या जाईल. इथंच आहे."

"काय लिहिलंय त्यात? वाचून दाखवता?"

फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला. तिचं नाव वाचलं, वय वाचलं, डॉक्टरांच्या दाखल्याचा क्रमांक वाचला. गणिताऐवजी अंकगणित घेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती वाचली. वडिलांची सही आहे म्हणून सांगितलं. मग माझी नजर त्या खालच्या ओळीवर आली. ती माझ्या समोर उभी होती, हातात तो काटकोन त्रिकोण होता. ती ओळ मी वाचली नाही.

"आणि खाली शिक्षकाची सही. माझी," मी म्हणाले.

"बस, एवढंच?"

"एवढंच."

"कारण काय दिलंय?"

"दृष्टी नाही म्हणून. दुसरं काय असणार?"

"बरं," ती म्हणाली. कामट्या पिशवीत भरून, दाराची चौकट चाचपत ती निघून गेली. शाळा सुटताना मी फॉर्म बिरनाळे सरांच्या टेबलावर ठेवला.

शनिवारी शाळा सकाळची. साडेदहाच्या सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवायची पाळी माझी होती. मी सावलीत एका दगडावर बसले. मुलं टाकीपाशी गर्दी करून पाणी पीत होती. पलीकडं वैजयंता एकटीच चालत होती.

तिनं ध्वजाचा खांब, टाकीजवळचा नळाचा पाईप आणि व्हॉलीबॉलचा एक डांब या तिन्हींभोवती कंबरेच्या उंचीवर दोर बांधला होता. बुरूड लोक गठ्ठे बांधायला वापरतात तसला. डावा हात दोरावर ठेवून ती चालायची. खांब आला की थांबायची, वळायची आणि पुढं निघायची. मी बघत होते तेवढ्यात तिच्या चार फेऱ्या झाल्या. ऊन चढलं होतं. मी हाक मारली, तरी ती थांबेना, म्हणून उठून जवळ गेले.

"वैजयंता, काय चाललंय?"

"त्रिकोण चालतेय."

"उन्हात कशाला?"

"बाई, पाच मिनिटं थांबा. बरोबर का चूक तेवढं सांगा." तिच्या कपाळावर घाम होता. "मी ह्या खांबापासनं निघते तवा तोंड कुणीकडं असतं? टाकीकडं. तीन कोपरे वळून पुन्हा इथं येऊन निघायला उभी राहिले की तोंड पुन्हा टाकीकडंच. मग मी सगळी मिळून किती वळले?"

"एक पूर्ण फेरा."

"म्हणजे तीनशेसाठ. अंधशाळेत आम्हाला काठी घेऊन चालायला शिकवायचे. पाव फेरा वळ, अर्धा फेरा वळ. त्यामुळं किती वळले ते मला अंगात कळतं. काल संध्याकाळी घरामागं दुसरा बांधला होता, लांबुळका. तिथंबी तेवढंच. त्रिकोण कसलाबी असू दे, पुरा एक फेरा."

"बरं. मग?"

ती टाकीजवळच्या पाइपापाशी गेली. मी मागोमाग गेले.

"आता ह्या कोपऱ्यावर बघा. मी वळले नसते, सरळच गेले असते तर?" तिनं पिशवीतून एक कामटी काढली आणि आली त्याच दिशेनं पुढं धरली. "मागची वाट नि ही कामटी, एक सरळ रेघ. सरळ रेघेचा कोन एकशेऐंशी. पण मी इथनं दोराकडं वळले. म्हणजे त्या एकशेऐंशीचे दोन वाटे पडले. एक, मी जेवढी वळले तेवढा. दुसरा, दोराच्या आतला कोन. आतला कोन बारीक असंल तर वळायला जास्त लागतं. आतला उघडा असंल तर थोडंच वळून भागतं. पण दोन्ही मिळून एकशेऐंशीच. व्हय का न्हाई?"

"हो."

"असे तीन कोपरे. तीन वेळा एकशेऐंशी, पाचशेचाळीस. त्यातले तीनशेसाठ माझ्या वळण्यात गेले. मग आतल्या तीन कोनांना किती राहिले?"

मी मनात वजाबाकी करू लागले.

"एकशेऐंशी," ती म्हणाली. "म्हणून दोन काटकोनांचा त्रिकोण होत न्हाई. त्यातच सगळे संपले, तिसऱ्याला काय उरलंच न्हाई. परवा फळ्यावर तुम्ही हेच सांगत होता का?"

"नाही. मी दुसऱ्या वाटेनं सांगत होते."

"मग हे चूक?"

"चूक नाही. बरोबर आहे."

अकरा वर्षं मी ते प्रमेय शिकवत होते. शिरोबिंदूतून समांतर रेषा, व्युत्क्रम कोन, बेरीज. तेच वाक्य, तीच आकृती, अ ब क. बाह्यकोनाचं प्रमेय त्याच्या पुढच्या पानावर होतं आणि तेही मी दर वर्षी पाठ म्हटल्यासारखं म्हणून दाखवायचे. बाह्यकोन म्हणजे त्या वाटेनं चालणाऱ्या माणसाचं वळणं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

मला फार आनंद झाला असं सांगायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की आता काही तरी करावं लागणार. आणि माझ्यात ताकद नव्हती.

सुट्टी संपल्यावर मी बिरनाळे सरांकडं गेले.

"सर, वडतिलेचा फॉर्म द्या. पाठवायचा नाही."

"सकाळच्या गाडीनं धोंडीबा शिपाई घेऊन गेला की. का?"

"तिला भूमिती जमते."

सरांनी चष्मा काढला. मोठ्या आवाजात बोलणारे गृहस्थ नव्हते ते.

"बाई, परवा तुम्ही सही केली. सर्व प्रयत्न करूनही जमत नाही म्हणून. आज जमतं म्हणता. ते कार्यालयातले लोक काय म्हणतील? त्यांना लिहून द्यावं लागेल, सही चुकून केली म्हणून. चौकशी निघाली तर तुमच्या सेवापुस्तकात शेरा यायचा."

"मी प्रयत्न केलेच नव्हते, सर."

"ते मला सांगितलंत, ठीक आहे. कागदावर लिहू नका." मग जरा वेळानं म्हणाले, "आणि पोरीचा पण विचार करा. अंकगणितात ती नव्वदच्या वर जाईल. भूमितीच्या आकृत्या परीक्षेत कोण काढणार? लेखनिक. तो चुकला तर मार्क हिचे जाणार. तुम्ही रोज वेगळं शिकवणार आहात का तिला? घरी तुमचं काय चाललंय ते मला माहीत आहे."

त्यांचं काहीच खोटं नव्हतं.

रविवार आत्याबाईंच्या चादरी धुण्यात गेला. त्यांना पाठीला जखम झाली होती. दर दोन तासांनी कूस बदलायची. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय गं, गप्प का?" त्यांना शब्द नीट फुटायचे नाहीत, पण मला कळायचं.

"उद्या जिल्ह्याला जायचंय आत्याबाई. दिवस जाईल. काकूंना बसवून जाते."

"कामाचं आहे?"

"माझ्या हातून एक चुकीची सही झालीय."

त्यांनी उजवा हात हलवला. जा म्हणाल्या, की दुसरंच काही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी जा असं धरलं.

सोमवारी रजा टाकून पहिली गाडी पकडली. कवठेमहांकाळपर्यंत उभी होते, पुढं जागा मिळाली. पर्समध्ये रात्री लिहिलेला अर्ज होता. 'विद्यार्थिनीस भूमिती शिकविण्याचा मी कोणताही प्रयत्न केलेला नसताना प्रमाणपत्रावर सही केली आहे. तरी ते रद्द समजावे.' एवढीच दोन वाक्यं. तीन तास ती पर्स घट्ट धरून होते.

कार्यालयात एका टेबलावर गठ्ठ्यांच्या मागं एक वयस्क लिपिक बसले होते. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली. अर्ज बाहेर काढत होते, तेवढ्यात त्यांनी गठ्ठ्यातून तो फॉर्म उपसून माझ्यापुढं ठेवला.

"परत पाहिजे? घेऊन जा. अजून नोंद केलेली नाही."

"काही लिहून द्यायचं?"

"काय लिहून द्यायचं त्यात? आमचंच एक काम कमी झालं."

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी बाहेर आले, स्टँडवर उसाचा रस प्याले आणि दोन्ही कागद, त्यांचा फॉर्म आणि माझा अर्ज, बारीक बारीक फाडून टाकले. माझी सही कुणी बघायला नको होती.

मंगळवारी वर्गात गेल्या गेल्या वैजयंताजवळ जाऊन म्हणाले, "फॉर्म परत आणला. तू गणितच घे. आजपासून शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबायचं."

तिनं माझा हात शोधून धरला. "तुम्ही स्वतः गेलात? जिल्ह्याला?"

"हो."

"माझ्यासाठी?"

मी हो म्हणाले. ती गाळलेली ओळ तेव्हा सांगता आली असती. बहात्तर मुलं बघत होती, म्हणून सांगितली नाही, असं मी नंतर स्वतःला सांगायचे. संध्याकाळी शाळेत आम्ही दोघीच होतो, तेव्हाही सांगितली नाही.

दीड वर्षं शिकवलं. कामट्या, दोरे, जाड कागदाला मागून टोचून काढलेल्या आकृत्या. मी काही बदलून वेगळी झाले नाही. पुष्कळदा चिडायचे. कित्येकदा अर्ध्या तासाची वीस मिनिटं करायचे. दहावीच्या आधी जानेवारीत आत्याबाई गेल्या, तेव्हा सगळा महिना बुडाला. वैजयंतानं कधी तक्रार केली नाही.

परीक्षेला आठवीतली एक मुलगी लेखनिक म्हणून मिळाली. तिनं एका आकृतीत अक्षरं उलटी घातली आणि वैजयंतानं सांगितलेली सगळी सिद्धता त्या उलट्या अक्षरांवर जाऊन बसली. दीडशेपैकी अडुसष्ट मार्क पडले. बाकीच्या विषयांत ती वर्गात तिसरी होती. त्या अडुसष्टनं तिची टक्केवारी खाली आणली. तिला शिक्षिका व्हायचं होतं, दहावीच्या मार्कांवर प्रवेश मिळणारा बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करायचा होता. त्या कोर्सची प्रवेशयादी दीड टक्क्यानं हुकली. अंकगणित घेतलं असतं तर नाव सहज आलं असतं. बिरनाळे सर मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

वैजयंता एका साखर कारखान्यात टेलिफोनवर लागली. बाराशे नंबर तिला पाठ होते म्हणे. पुढं तिथं यंत्रं आली, तिची खुर्ची उठली आणि तिला आस्थापना विभागात चौकशीच्या खिडकीवर बसवलं. लग्न केलं नाही. सिदरामभाऊ अखेरपर्यंत तिच्याजवळ होते.

मी दोन हजार एकोणीसला निवृत्त झाले. शाळेनं छोटा समारंभ ठेवला. वैजयंता आली होती, कुणीतरी तिला माईकपर्यंत आणून सोडलं. ती म्हणाली, "बाई माझ्यासाठी रजा टाकून, एसटीनं उभ्यानं जिल्ह्याला गेल्या आणि माझा फॉर्म परत घेऊन आल्या. माझ्यावर असा विश्वास दुसऱ्या कुणी टाकला नाही." टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतले नवे शिक्षक माझ्याकडं बघत होते. मला खुर्चीवर बसवेना.

समारंभानंतर तिला घरी घेऊन आले. तिची गाडी पाचची होती. मी चहा केला, कप तिच्या हातात दिला आणि समोर बसले.

"वैजयंता, मला एक सांगायचंय. त्या फॉर्मवर आणखी एक ओळ होती. तुला वाचून दाखवताना मी ती गाळली."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं? बिरनाळे सरांनी?"

"कुणी नाही." तिनं चहाचा घोट घेतला. "ओळ गाळली की आवाज जरा थांबतो, बाई. डोळा खाली उतरतो तेवढा वेळ. मग घाईनं सुरू होतो. लहानपणापासून लोक मला वाचून दाखवतात. सगळेच गाळतात. कोण लाजून, कोण दमून. काय गाळलं ते नाही कळत, गाळलं एवढं कळतं."

मी तिला ती ओळ सांगितली. बावीस वर्षं झाली होती तरी शब्दन् शब्द पाठ होता. सर्व प्रयत्न करूनही तिला तो विषय आत्मसात करता येत नाही.

ती ऐकत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर काही तरी सैल झाल्यासारखं झालं.

"एवढंच होतं?"

"एवढंच म्हणजे? खोटं होतं ते. मी तुला एक अक्षर शिकवलं नव्हतं."

"नाही, मला वाटायचं, हिला बुद्धी कमी आहे असं काही तरी लिहिलं असणार. तेवढं वाईट असल्याशिवाय बाई गाळणार नाहीत. अडुसष्ट मार्क पडले तेव्हा पहिल्यांदा तेच मनात आलं. म्हटलं, त्या ओळीत लिहिलं होतं ते खरंच होतं."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. 

"तू तेव्हाच विचारायचं होतंस," मी म्हणाले. "काय गाळलं म्हणून."

"विचारलं असतं तर तुम्ही मला शिकवलं असतं?"

ती रागानं विचारत नव्हती. खिडकीवर बसून दिवसभर लोकांना साधे प्रश्न विचारावे लागतात, तसं विचारत होती. हो म्हणणं सोपं होतं. मी त्या छत्तीस वर्षांच्या बाईला आठवून बघितलं, तिचा अर्धा डबा, तिचं दुखणारं डोकं. पकडली गेल्यावर तिनं त्या मुलीला टाळलंच असतं, हे मला चांगलं माहीत होतं.

"नसतं शिकवलं," मी म्हणाले.

"वाटलंच होतं," वैजयंता म्हणाली आणि रिकामा कप पुढं केला. तिला अजून घोटभर चहा हवा होता.